शत्रूच्या गावची पाटलीण

कांजोगू, तिमाऊजवळ
१२ फेब्रुवारी १९८६

मुथौरा,

तू मोंबासाला समुद्राचा वारा खात बसलायस आणि इथे तुझी सख्खी थोरली बहीण शत्रूला जाऊन मिळाली आहे. हे दुसऱ्या कुणाकडून तुझ्या कानावर येण्याआधी माझ्याकडूनच आलेलं बरं.

टेकडीपलीकडची गोऱ्यांची छावणी तुला माहीतच आहे. त्यांच्या मुलखातून पोरांची एक तुकडी येते, काटेरी झुडपांतून रांगते, खोटी काडतुसं उडवते आणि नाकाची सालं गेली की परत जाते. मग दुसरी येते. इतकी वर्षं ते आपल्या गावाला वळसा घालून जायचे. यंदा मात्र ऑडली नावाचा एक कॅप्टन आमच्या शाळेच्या कैमेन्यी मास्तरला दुभाष्या म्हणून घेऊन थेट माझ्या चहाच्या टपरीवर आला. म्हणाला, आमची पोरं रिकाम्या टेकड्यांवर लढायला शिकतात, पण लढाया काही रिकाम्या टेकड्यांवर होत नाहीत, मध्ये कुणाचं तरी गाव येतंच. तेव्हा आम्हाला शिकवणीपुरतं एक गाव हवंय. तुम्ही रोज वागता तसंच वागायचं, फक्त आमच्यावर विश्वास ठेवायचा नाही.

मी म्हटलं, त्याला सोंग कशाला हवं.

तर आता मी शत्रूच्या गावची पाटलीण आहे. खेळ असा : त्यांचीच दुसरी तुकडी शत्रू बनून गावाजवळ लपते. पहिल्या तुकडीने गावाचं मन जिंकून ती कुठे आहे ते काढून घ्यायचं. म्हातारा म्बिजिवे मेलेल्या माणसाचं काम करतो. सावलीत पडून राहायचं म्हणजे त्याला हे काम जन्मभर पुरेल. पहिल्याच दिवशी तो मेल्यामेल्या घोरायला लागला आणि त्यांच्या पोरगेल्या डॉक्टरने त्याच्या गळ्यात 'प्रकृती गंभीर' अशी चिठ्ठी अडकवली.

तुकडीचा लेफ्टनंट पेंब्रिज नावाचा. आला, उन्हाकडे पाठ करून माझ्यासमोर उभा राहिला, गोड गोळ्यांची पुडी पुढे केली आणि विचारलं, शत्रू कुठे आहे. ना रामराम, ना गुराढोरांची चौकशी. मी म्हटलं, मला बाई बटाटे खुरपायचेत. शत्रू म्बिजिवेच्या गोठ्यामागे होता, सकाळी मीच त्यांना चहा दिला होता. पेंब्रिज उलट्या दिशेला गेला आणि सगळ्या तुकडीसकट मेला. ऑडलीने शिट्टी वाजवून सगळ्यांना उठवलं आणि सगळ्यांदेखत त्याची हजेरी घेतली.

एवढं हसून झालं, आता दुसरं. डोंगरावरून येणारा आपला पाण्याचा नळ हत्तींनी तुडवला त्याला वर्ष होत आलं. पाणीखात्याकडे नळ नाहीत, फक्त खुर्च्या आहेत. बायका घळीत उतरून पाणी आणतात. परवा माझी सून कागेंडो डब्यासकट घसरली आणि तिचा हात मनगटात मोडला. तिला दिवस गेलेत. पोटाला काही झालं नाही, देवाची कृपा. पेंब्रिजने मला विचारलं होतं, गावाला काय हवं. मी पाणी म्हटलं. त्याने छान अक्षरात लिहून घेतलं आणि मरायला निघून गेला.

तुझी ताई,
न्किरोते


मोंबासा
२ मार्च १९८६

ताई,

तुझं पत्र वाचून डोक्याला हात लावून बसलो. इथे हॉटेलच्या फाटकावर मी पहारेकऱ्यांचा मुख्य आहे. माणसं मला अजून सार्जंट म्हणून हाक मारतात. त्यांना काय सांगू, की माझी बहीण शत्रूला चहा पाजते?

त्या छावणीची तू चेष्टा करतेस, पण ती पोरखेळ नाही. आपला झेंडा वर चढला तेव्हा सगळ्यांना वाटलं होतं की गोरी पलटण आता कायमची गेली. पण दोन्ही सरकारांनी करार केला आणि काल मालक म्हणून राहणारे पाहुणे म्हणून यायला लागले. त्यांचा देश चिमुकला आणि सदा ओला. तोफ डागली तर गोळा शेजारच्या कोबीत पडायचा. इथे त्यांना उंची मिळते, विरळ हवा मिळते, दुपारचं ऊन आणि पहाटेची थंडी एकाच दिवशी मिळते, वर हत्ती फुकट. बदल्यात आपले अधिकारी त्यांच्या शाळांत शिकतात, त्यांचे डॉक्टर कधी आपले रोगी बघतात. मी कॉर्पोरल असताना तिथेच त्यांच्याबरोबर कवायती केल्या आहेत. म्हणजे ती शाळा आहे, ताई. शाळेत टवाळी करू नये.

तरी तू ऐकणार नाहीस, म्हणून दोन गोष्टी सांगतो. एक, दंडावर पांढरी पट्टी असलेला माणूस तोच पंच. कोण जिंकलं हे बंदुका ठरवत नाहीत, तो ठरवतो. तुझा ऑडली तोच असणार. दोन, त्यांच्याबरोबर बांधकामवाल्यांची एक टोळी असते. त्यांच्याकडे नळ, फावडी, सिमेंट सगळं असतं आणि काम नसतं म्हणून ते कंटाळून पत्ते कुटत असतात. लेफ्टनंटला नुसतं 'पाणी' म्हणू नकोस. कुठून कुठपर्यंत नळ हवा ते सांग, आणि पाणी येईपर्यंत तोंड उघडू नकोस.

कागेंडोला जप. म्हाताऱ्याच्या घोरण्याबद्दल कुणाला बोलू नकोस, पलटणीची अब्रू जाते.

तुझा,
मुथौरा


कांजोगू
२० एप्रिल १९८६

मुथौरा,

तुझ्या आयुष्यात तू दिलेला हा पहिला उपयोगी सल्ला. त्यामुळे आधी शाबासकी घे, कारण पुढे रडगाणं आहे.

नवी तुकडी आली. लेफ्टनंट हॅलिवेल, कान मोठे आणि स्वभाव गरीब. मी त्याला डोंगरावरच्या ओढ्यापासून चर्चच्या अंगणापर्यंत बोट फिरवून दाखवलं आणि गप्प बसले. त्याने दोनदा विचारलं, मी दोनदा डोंगराकडे बघितलं. शेवटी तो बांधकामवाल्यांना घेऊन आला. ती माणसं किती खूश झाली म्हणून सांगू, जणू लग्नाचं बोलावणंच आलं. रविवारी प्रार्थनेनंतर नळाने आधी खाकरल्यासारखं केलं, मग तांबडं पाणी थुंकलं, मग स्वच्छ धार सुरू झाली. बायका नाचल्या. कागेंडोने एका हाताने हंडा भरला आणि तिथेच बसून रडली. मी हॅलिवेलला गोठा दाखवून दिला. तो जिंकला. म्बिजिवेसुद्धा उठून नाचला, त्यामुळे ऑडलीने त्याला पुन्हा मारलं.

आणि तुकडी परत गेल्यावर चौथ्या दिवशी ट्रक आला नळ उपटायला.

मला वाटलं काही चूक झाली असेल. ऑडली स्वतः आला होता, नजर जमिनीत. कैमेन्यी मास्तरकरवी म्हणाला, पुढच्या तुकडीला गाव तहानलेलंच मिळायला हवं, नाहीतर ती शिकणार काय. नळ शिकवणीचं सामान आहे, रंगमंचावरच्या खुर्चीसारखं. आम्ही सगळ्या बायका जाऊन नळावर बसलो. तो बिचाराही आमच्याशेजारी बसला. त्याने माझ्याकडचा चहा घेतला, त्याचे पैसे दिले, वरच्यांना बिनतारीवरून विचारलं. वरून उत्तर आलं : खेळाचे नियम. संध्याकाळी नळ गेला.

माणसाला कधीच पाणी न मिळणं मी समजू शकते. पण पाजायचं आणि पेला काढून घ्यायचा, हे मला समजत नाही. पुढच्या तुकडीशी मी अशी वागणार आहे की त्यांच्या नातवंडांनाही कांजोगू आठवेल.

न्किरोते


नैरोबी
१८ मे १९८६

ताई,

पत्ता बदलला म्हणून दचकू नकोस. मोंबासाची हवा मानवेना, हॉटेलवाल्याशीही पटेना. इथे एका शाळेत मास्तर म्हणून लागलो आहे. विद्यार्थी उंच आहेत, आज्ञाधारक आहेत, पण उन्हाने लगेच लाल होतात आणि चालीरीतींचं त्यांना काडीचं ज्ञान नाही. मी त्यांना थोरांशी कसं वागावं ते शिकवतो. मान मिळतो. माझ्या नावाची खुर्ची आहे.

नळाचं वाचून वाईट वाटलं. धीर धर.

सहज म्हणून विचारतो, एवढ्यात तुझं मन कशाने मऊ होतं? म्हणजे परकं माणूस समोर आलं तर त्याने कुठे बसावं, काय आणावं? तू अजून तपकीर ओढतेस का? डावा कान चांगला की उजवा, माझ्या लक्षात राहत नाही. काही कारण नाही, भावाला बहिणीची माहिती असावी एवढंच.

मुथौरा


कांजोगू
३ जून १९८६

मुथौरा,

मास्तर झालास, छान झालं. आई असती तर शेजारपाजारी केळी वाटली असती.

इतक्या वर्षांनी तुला माझ्या कानाची आठवण झाली, मला भरून आलं. उजवा गेला, डावा चांगला. माणसाने डावीकडे बसावं. बसावं, उभं राहू नये. तपकीर मेरूच्या बाजारातल्या त्या एका डोळ्याच्या म्हातारीचीच, दुसरी मला चढत नाही. आणि कुणी कागेंडोच्या हाताची चौकशी केली की मी विरघळते, ते तर तुला माहीतच आहे.

पुढची तुकडी यायची आहे. या वेळी नळ कायमचा राहील असं ऑडलीच्या साहेबाने स्वतः येऊन बोलल्याशिवाय मी तोंड उघडणार नाही. बायकांना तसा शब्द दिलाय.

न्किरोते


कांजोगू
६ जुलै १९८६

मुथौरा,

मी शब्द मोडला. कसा मोडला ते ऐक.

तिसऱ्या तुकडीचा लेफ्टनंट ट्रेस्कॉट आला. आला तो थेट माझ्या डाव्या बाजूला येऊन बसला. आपल्या भाषेत 'मुगा' म्हणून रामराम केला, उच्चार अगदी आपल्या घरच्यासारखा. खिशातून डबी काढली, तपकीर त्याच म्हातारीची. मग मान खाली घालून विचारलं, सुनेचा हात आता कसा आहे. मुथौरा, माझ्या जिभेला माझी परवानगी लागलीच नाही. ती म्हणाली, गोठ्यामागे. तो उठला, सलाम केला आणि जाऊन जिंकला. नळ आणायची वेळच आली नाही. नळ छावणीच्या कोठारात आणि आम्ही घळीत.

बायका माझ्याशी बोलत नाहीत. टपरीवर येतात, चहा पितात आणि पाठ करून बसतात. एका चिमूट तपकिरीला गाव विकलं, असं मागून ऐकू येतं, तेही उजवीकडून, म्हणजे किती मोठ्याने बोलत असतील बघ. कागेंडोला सातवा महिना सरत आलाय, तिला घळीत पाठवत नाही. तिचं पाणी मीच आणते. गुडघे काय म्हणतात ते लिहीत नाही.

असो. तुझे विद्यार्थी काय म्हणतात? हुशार निघाले असतील. मास्तरच तसा मिळालाय.

जाता जाता एक गंमत सांगते. ही बायकांची गोष्ट आहे, पुरुषांना माहीत नसते, तू कुणाला सांगू नकोस. पाटलीण झालेल्या बाईसमोर एखादा पुरुष खांद्यावर जिवंत बोकड घेऊन आला आणि त्याने तिला अंगाई म्हणून दाखवली, तर ती त्याला काहीही नाकारू शकत नाही. पूर्वापार शपथ आहे आमची. बरं झालं हे त्या गोऱ्यांना ठाऊक नाही, नाहीतर मी पुरती कामातून गेले असते.

न्किरोते


नैरोबी
२० जुलै १९८६

ताई,

बायकांची समजूत पटेल, मनाला लावून घेऊ नकोस.

तू लिहिलेली ती रीत मला खरंच नवीन होती. आपल्या समाजात अभ्यास करण्यासारखं किती आहे. बोकड कोणत्या रंगाचा असावा लागतो? निव्वळ कुतूहल.

मुथौरा


कांजोगू
२८ जुलै १९८६

मुथौरा,

पांढरा. आणि गाणारा अनवाणी हवा.

न्किरोते


कांजोगू
१७ ऑगस्ट १९८६

मास्तर,

बसला आहेस ना, तुझ्या नावाच्या खुर्चीत? बसूनच वाच.

मंगळवारी चौथी तुकडी आली. मी बायकांना आधीच टपरीसमोर बोलावून ठेवलं होतं. का, ते सांगितलं नव्हतं. वाटेवर आधी बोकड दिसला. पांढरा. त्याच्याखाली लेफ्टनंट लॅम्बर्न नावाचा तांबड्या केसांचा पोरगा, अनवाणी, एकेक पाऊल काट्यांतून उचलत. बोकडाने वाटेतच त्याच्या पाठीवर आपला कार्यभाग उरकला होता. मागे सगळी तुकडी बंदुका घेऊन गंभीर चेहऱ्याने चाललेली, जणू बिशपची मिरवणूक.

तो माझ्या डावीकडे आला आणि त्याने अंगाई सुरू केली.

आता खरं सांगते. मी हसायची पूर्ण तयारी करून बसले होते. पण त्याने म्हटली ती आपल्या आईची अंगाई. ती दुसऱ्या कुठल्याच घरात नाही, आईने ती तुला झोपवताना स्वतः जुळवली होती, तुझ्या नावासकट. हा तांबडा पोरगा बोकडाचे पाय धरून, सूर सोडून, अगदी मनापासून म्हणत होता, झोप रे मुथौरा, तरस गेला पलीकडे. माझे डोळे भरले. बोकडामागे तोंड लपवावं लागलं. मग बोकड ओरडला, म्बिजिवे मेल्या जागी उठून बसला, एका बाईचं हसू फुटलं आणि सगळं गाव जमिनीवर लोळलं. ऑडलीने शिट्टी तोंडात धरली होती, ती हसण्याने आपोआप वाजत राहिली.

सगळे दमल्यावर मी ऑडलीला विचारलं, ह्याला हे कुणी शिकवलं.

तो म्हणाला, "नैरोबीला आमचा एक जाणकार आहे. निवृत्त सार्जंट. तुमच्या चालीरीतींचा पंडित."

"तो पंडित माझा धाकटा भाऊ," मी म्हटलं. "आणि बोकडाची रीत मी बटाटे सोलता सोलता रचली."

कैमेन्यी मास्तरला हे भाषांतर करायला दोनदा पाणी प्यावं लागलं. ऑडलीचं हसू थांबलं. मी पुढे बोलले ते त्याला नीट पोचावं म्हणून हळू बोलले. "तुमची पोरं माझी उत्तरं पाठ करून येतात. उद्या ती खऱ्या गावात जातील, खऱ्या बंदुका घेऊन. तिथल्या पाटलिणीचा भाऊ तुमच्या पगारावर असेल का?"

त्याने शिट्टी खिशात टाकली. मग माझ्या डावीकडे खाली बसला. म्हणाला, एक तुकडी जाताना दुसरीला सांगून ठेवते की म्हातारीला नळ हवाय, हेही आम्हाला कळलंय. कुणी काही शिकतच नाही. म्हटलं, मग तहानलेलं गाव कशाला राखून ठेवता? नळ कायमचा घाला. दर खेपेला मी दुसऱ्या कशावर तरी रुसेन, कशावर ते मलाही आदल्या दिवसापर्यंत माहीत नसेल. रुसायला मला तहान लागत नाही, माझा स्वभाव पुरतो. शोधू देत तुमच्या पोरांना.

ऑडली त्याच्या मेजरकडे गेला. इकडे लॅम्बर्न तसाच खाली बसून पायातले काटे काढत होता. कुणी न शिकवता त्याने मला विचारलं, "आजी, तुमचं खरं काय अडलंय?" एवढ्या लेफ्टनंटांत हे विचारून उत्तरासाठी थांबणारा हा पहिला. मी त्याला घळीपर्यंत घेऊन गेले आणि परत येताना पाण्याचा डबा त्याच्या डोक्यावर दिला. निम्म्या चढावर तो टेकला. म्हणाला, कळलं.

दुसऱ्या दिवशी मेजर स्वतः आला, बायकांसमोर बोलला आणि हात मिळवून गेला. नळ या वेळी जमिनीत खोल पुरलाय, हत्तींसाठीही आणि ट्रकसाठीही. लॅम्बर्नच्या पोरांनीच खणलं. बायका माझ्याशी बोलायला लागल्या, आता थांबतच नाहीत.

तू मात्र मला विकलंस, मुथौरा. कशासाठी विकलंस, तेवढं लिही.

न्किरोते


नैरोबी
३० ऑगस्ट १९८६

ताई,

खुर्ची होती म्हणून पडलो नाही.

कशासाठी, ते लिहितो. हॉटेलच्या फाटकावर मी मुख्य वगैरे नव्हतो. गाड्यांचे दरवाजे उघडायचो. एक दिवस गाडीतून एक गोरा अधिकारी उतरला, माझ्या छातीवरची पदकं बघून थांबला आणि म्हणाला, तुमच्यासारख्याचा सल्ला आम्हाला हवा आहे. मी आयुष्यभर सलाम ठोकले, ताई, सल्ला कधी कुणी विचारला नव्हता. तू काय म्हणशील याचा विचार त्या क्षणी डोक्यात आलाच नाही. नंतर आला, पण तोवर खुर्चीवर नाव रंगवून झालं होतं.

तू नळासाठी अडून बसलीस तर ते कंटाळून दुसरं गाव बघतील आणि सगळंच जाईल, अशी भीतीही होती. ही भीती मी नंतर शोधून काढली, पण ती खोटी नाही.

अंगाई मात्र मी चालीरीत म्हणून शिकवली नाही. लॅम्बर्नने एखादी अंगाई विचारली आणि मला दुसरी येतच नव्हती.

मेजरने बोलावलं तेव्हा वाटलं, गेली नोकरी. त्याने मला बोकडाची सगळी हकिगत माझ्याच तोंडून वदवून घेतली आणि पुन्हा एकदा वदवून घेतली, कारण पहिल्या खेपेला तो नीट हसला नव्हता. मग हुकूम दिला : शिकवणी बंद. पुढच्या खेपेला कांजोगूला जा आणि शत्रूचा म्होरक्या हो.

तुला एक सांगतो. मी कॉर्पोरल असताना या कवायतींत आमची कंपनी दर वेळी शत्रू असायची आणि शत्रू हरणार हे आधीच ठरलेलं असायचं. आम्ही किती चांगले लपायचो, काही उपयोग नव्हता. शिट्टी वाजायची आणि हात वर. ह्या वेळी तसं ठरलेलं नाही, मी मेजरला विचारून घेतलंय. ह्या वेळी मी जिंकणार आहे, ताई. कुठे लपणार ते तुला सांगत नाही, तुझा भरवसा नाही. फक्त एवढं कर, दुपारचं जेवण बटाट्याच्या जुन्या कोठीच्या मागच्या दाराशी ठेवत जा. मका, वाटाणा आणि बटाटा एकत्र कुटलेला चालेल. कांद्यात हात आखडू नकोस.

मुथौरा


कांजोगू
१४ सप्टेंबर १९८६

मुथौरा,

तुला मी केव्हाच माफ केलंय. अंगाई सुरू झाली तेव्हाच केलं होतं, पण सांगितलं असतं तर तू एवढं लांब पत्र लिहिलं नसतंस.

कागेंडोला मुलगी झाली. सकाळी कळा सुरू झाल्या आणि दाई म्हणाली पाणी तापवा, तेव्हा मी सवयीने डबा उचलला आणि घळीकडे निघाले. अर्ध्या अंगणात आठवलं, परत फिरले, नळ सोडला. मुलगी तुझ्यासारखी आहे, कारण नसताना छाती फुगवते.

कालच ऑडली येऊन गेला. नवी तुकडी तुझ्यासोबतच पोचतेय. लेफ्टनंट बाकीच्यांच्या आधी गाव बघायला आला होता, शांत पोरगा आहे, कुठे बसू म्हणून त्याने मलाच विचारलं. बसला आणि मला बोलू दिलं. बोलता बोलता माझ्या तोंडून गेलं की पावसात ओढा चढला की पोरांना पलीकडच्या शाळेत जाता येत नाही, दोन ओंडके आणि एक दोर बांधलाय त्यावरून जातात आणि माझा जीव वर येतो. त्याने ओढा बघितला. पायांनी मोजला. बांधकामवाल्यांना विचारून आला. म्हणाला, लाकडी पूल होईल, दोन्ही बाजूंना कठडे, गाडीबैल जाईल इतका रुंद. आणि मग फार आदबीने विचारलं की गावात शत्रूचा म्होरक्या येणार आहे असं ऐकतो, तो साधारण कुठे उतरेल याची काही कल्पना आहे का.

मी तुझा विचार केला. तुझ्या त्या कॉर्पोरलपणाचाही केला. अर्धा कप चहा संपेपर्यंत केला.

तू बुधवारी पोचशील. जेवण कोठीच्या मागच्या दाराशी ठेवलेलं असेल, कांदा भरपूर घातलाय, ते खाऊन घेईपर्यंत कुणी हात लावायचा नाही हे मी त्याच्याकडून कबूल करून घेतलंय. जाड पांघरूण आण, छावणीची कैद्यांची खोली गार असते म्हणतात. पूल झाला की त्यावरून पहिलं कोण जाणार यावर गावात आत्ताच भांडणं सुरू आहेत. मी तुझं नाव सांगितलंय. तोवर तुझे हात बांधलेले असतील, पण कठडा धरण्यापुरते सोडायला सांगेन.

तुझीच,
ताई